शित्झूची घरची अंघोळ: आधी कंगवा, मग पाणी

शित्झू म्हणजे लांब केसांचा, चपट्या नाकाचा छोटा कुत्रा. तो पाळणाऱ्या ओळखीपाळखीतून दर पावसाळ्यात एकच प्रश्न येतो. ‘रविवारी अंघोळ घातली, आज केस दगड झालेत. कोणता शॅम्पू वापरू?’ शॅम्पूचा यात काही संबंध नाही. चूक अंघोळीआधी, कोरड्या केसांवर झालेली असते आणि पाणी पडल्यावर ती पक्की होते. लोकरीवर पाणी आणि घासणं पडलं की घोंगडी होते, तसंच इथेही होतं.

आमच्या शित्झूच्या, गुंड्याच्या, पहिल्या पावसाळ्यात मीही हेच केलं. चिखलात लोळून आला, थेट बादलीपाशी नेला, टॉवेलने खसाखसा पुसला आणि पंख्याखाली सोडला. तीन दिवसांनी दोन्ही काखांत आणि कानांमागे हाताला कडक चकत्या लागल्या. शेवटी सगळे केस मशीनने उतरवावे लागले. तेव्हापासून क्रम ठरला आहे आणि तो बदलत नाही: तपासणी, विंचरणं, जटा, अंघोळ, वाळवणं आणि मग कात्री.

हाच क्रम का

चिनी दरबारातला ‘सिंहकुत्रा’ वगैरे गोष्टी बाजूला ठेवू. आपल्या कामाच्या दोनच गोष्टी आहेत. एक, शित्झूच्या केसांना दोन थर असतात, वरचा लांब आणि आतला मऊ, दाट. ‘याचे केस गळत नाहीत’ असं सांगून पिल्लू विकतात. केस गळतात. लॅब्रॅडॉरचे सोफ्यावर पडतात, शित्झूचे त्याच्याच लांब केसांत अडकून बसतात. कंगव्याने काढले नाहीत, तर त्यांचीच जट होते.

दोन, नाकाच्या वरचे केस खाली न वाढता वर आणि चहूबाजूंना फुटतात. म्हणून या चेहऱ्याला शेवंतीच्या फुलाची उपमा देतात. दिसायला गोड, पण ते केस सरळ डोळ्यांत जातात. डोक्यावर शेंडी बांधायची रीत आणि कुत्र्यांच्या शोच्या नियमांतला तिचा आग्रह मला म्हणूनच नखरा वाटत नाही.

शोच्या कुत्र्यांचे केस जमिनीपर्यंत वाढवून एरवी कागदात गुंडाळून ठेवतात. मुंबईच्या हवेत आणि दोन खोल्यांच्या घरात त्या वाटेला जाऊ नका. अंगावर दीड-दोन सेंटीमीटर, कान आणि शेपटी थोडी लांब, एवढं पुरतं. खालची कृती मात्र केस कितीही असले तरी तीच.

## १. वेळ आणि जागा

पहिल्यांदा करणार असाल तर अडीच तास धरा. ते जमत नसेल तर विंचरणं शनिवारी संध्याकाळी आणि अंघोळ रविवारी सकाळी करा. फक्त अंघोळीआधी पाच मिनिटं पुन्हा कंगवा फिरवा, कारण रात्रभर लोळून नवा गुंता होतोच.

जेवण आणि अंघोळ यांत दोन तासांचं अंतर ठेवा. आधी खाली फिरवून आणा.

नळाला पाणी ठरावीक वेळीच येत असेल तर तीन बादल्या आधी भरून ठेवा. साबण लावून झाल्यावर पाणी गेलं तर पंचाईत होते. मोरीच्या जाळीवर जुन्या पायमोज्याचा तुकडा ताणून बसवा. तो विसरलात तर पुढच्या आठवड्यात प्लंबरला बोलवावं लागेल.

विंचरायला कमरेइतकं उंच टेबल किंवा ओटा आणि त्यावर रबरी मॅट लागते. जमिनीवर बसून केलंत तर कुत्रा आधी कंटाळेल आणि तुमची पाठ त्याच्याही आधी.

सावध: टेबलावर असताना एक हात कायम कुत्र्यावर हवा. बेल वाजली तर त्याला उचलून दाराशी घेऊन जा. एवढ्याशा कुत्र्याला ओट्यावरून उडी मारूनही पाय मोडून घेता येतो.

## २. सामान

सगळं हाताशी मांडल्याशिवाय कुत्र्याला उचलू नका.

- स्टीलचा कंगवा, अर्धे दात विरळ, अर्धे दाट. सगळ्यात महत्त्वाचं हत्यार हेच
- मऊ स्लिकर ब्रश (बारीक वाकड्या तारांचा)
- तोंडाभोवतीसाठी उवांची फणी. आपल्या आजीच्या पेटीतली चालते, दात गुळगुळीत हवेत
- फवारणीची बाटली, त्यात पाणी आणि चमचाभर कुत्र्याचा कंडिशनर
- वाटीभर कॉर्नफ्लोअर
- बोथट टोकांची छोटी कात्री
- नखं कापायचं यंत्र
- दोन-तीन मायक्रोफायबर टॉवेल
- थंड-कोमट हवा सोडणारा ड्रायर

फक्त ब्रश घेऊन कंगवा न घेणं ही पहिली मोठी चूक. ब्रश वरून गुळगुळीत फिरतो आणि सगळं छान झाल्याचा भास होतो. मुळाशी काय चाललंय ते कंगवाच सांगतो.

या यादीत मुद्दाम नसलेल्या गोष्टी: आपला शॅम्पू (कुत्र्याच्या त्वचेचा सामू, म्हणजे pH, आपल्यापेक्षा जास्त असतो, आपला शॅम्पू तिला आम्लधर्मी पडतो), पाण्यात टाकायचं घरगुती जंतुनाशक (त्वचा भाजते, शिवाय कुत्रा अंग चाटतो), टाल्कम पावडर आणि खोबरेल तेल. तेलाबद्दल घरोघरी वाद होतात. आमच्याकडे सासूबाईंशी झाला होता. तेलकट केसाला मुंबईची धूळ चिकटते आणि जट लवकर धरते. वाद तिथेच संपला.

## ३. आधी हातांनी तपासणी

कंगवा उचलण्याआधी बोटं केसांत घालून डोक्यापासून शेपटीपर्यंत कातडी चाचपा. जटा ठरलेल्या जागीच असतात: कानांमागे, काखांत, जांघेत, पट्ट्याखाली, शेपटीच्या बुंध्याशी, दाढीत आणि बोटांच्या मध्ये. हार्नेस दिवसभर घालून ठेवत असाल तर छातीवरही.

याच वेळी गोचीड बघा. कानांच्या आत, बोटांमध्ये आणि मानेखाली ती हमखास सापडते. सापडली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढा. पिळू नका, जाळू नका, रॉकेल लावू नका. त्यानंतर ताप, मलूलपणा किंवा पांढऱ्या पडलेल्या हिरड्या दिसल्या तर डॉक्टरांना गाठा, कारण गोचीडतापाला उशीर परवडत नाही.

तपासा: लाल चट्टा, ओली जखम किंवा खपली दिसली तर आज अंघोळ नाही. आधी डॉक्टर.

## ४. भांग पाडून विंचरणं

निम्म्याहून जास्त वेळ इथे जातो आणि जायलाच हवा.

कुत्र्याला कुशीवर आडवं करा. सुरुवात पायाच्या टोकाकडून, वर चढत जायचं. डाव्या हाताने केस वर उचलून धरा, खाली कातडीची एक रेघ दिसेल असा भांग पडू द्या. त्या रेघेखाली जेवढे केस सुटे राहिले तेवढ्यांवरच हलका फवारा मारा आणि विंचरा. झालं की डावा हात बोटभर वर सरकवून पुढचा थर खाली सोडा. मुलीच्या वेणीआधी आई बट-बट सोडवते, तसंच.

एका थरावर आधी ब्रशचे तीन-चार हलके फटके मारा आणि मग कंगवा. कंगवा मुळापासून टोकापर्यंत न अडकता गेला, तरच पुढचा थर.

अडकला तर ओढू नका. गुंत्याच्या वर, मुळाशी, दोन बोटांनी केस घट्ट धरा, म्हणजे ओढ कातडीला बसत नाही. मग टोकाकडून थोडं-थोडं सोडवत वर या. एकाच जागी ब्रश पुनःपुन्हा घासलात तर कातडी लाल होते. ते त्या दिवशी दिसत नाही, दुसऱ्या दिवशी कुत्रा तिथे खाजवायला लागतो आणि आपण दोष शॅम्पूला देतो.

फवारा मारण्यावरून एकीने विचारलं होतं, ‘पाणी नको म्हणता आणि फवारा मारा म्हणता?’ बरोबर शंका आहे. अगदी कोरडा केस विंचरताना तुटतो, म्हणून दव पडल्यासारखा ओलावा. केस चिकटून बसेपर्यंत भिजवायचा नाही.

पिल्लू साधारण १० ते १२ महिन्यांचं झालं की पिल्लाचे केस जाऊन मोठ्याचे येतात. त्या काही आठवड्यांत रोज सोडवूनही रोज जट होते. ‘आधी इतकं छान होतं, अचानक काय झालं?’ असं वाटून लोक विंचरणंच सोडतात. नेमके तेच दिवस रोज पंधरा मिनिटं द्यायचे असतात.

तपासा: कंगव्याची दाट बाजू सगळ्या अंगावरून मुळापासून फिरली? कानांमागून आणि काखांतूनही? नसेल तर पाचव्या टप्प्याआधी मोरीकडे फिरकू नका.

## ५. जटा

शेंगदाण्याएवढी जट असेल तर चिमूटभर कॉर्नफ्लोअर चोळा आणि बोटांनी तिचे उभे दोन-तीन भाग करा. मग प्रत्येक भाग कंगव्याच्या टोकाच्या एक-दोन दातांनी टोकाकडून सोडवा. पिठाने केस घसरतात. पीठ नंतर पूर्ण विंचरून काढा, ते तसंच ठेवून अंघोळ घातलीत तर मोरीत खळ शिजेल.

सुपारीएवढी आणि कातडीला चिकटलेली जट सोडवत बसू नका. कात्रीही लावू नका. जट कातडीला आत ओढून घेते, आणि तुम्हाला केस वाटतो तो कातडीचा पदर असतो. शित्झूची काखेतली आणि जांघेतली कातडी फार पातळ. घरात कात्रीने कापलेल्या कुत्र्याला टाके पडलेले मी दोनदा पाहिलेत, दोन्हीकडे मालक काळजी घेणारेच होते. जट आणि कातडी यांच्यामध्ये कंगवा आडवा सरकत असेल, तर कंगव्याच्या बाहेरच्या अंगाने क्लिपर (केस कापायचं मशीन) चालवा. पातं १० नंबरचं, केस साधारण दीड मिलिमीटर उरतात. पातं तापतं, म्हणून दर दोन-तीन मिनिटांनी स्वतःच्या मनगटाला लावून बघा. कंगवा सरकतच नसेल तर हे काम ग्रूमरचं (कुत्र्यांचे केस कापणाऱ्याचं) किंवा डॉक्टरांचं.

सगळं अंग जटांनी भरलं असेल तर केस एकदा उतरवून नव्याने सुरुवात करणं हीच दया. दोन-दोन तास ओढाताण केलेला कुत्रा पुढच्या वेळी कंगवा बघून पलंगाखाली जातो आणि वर्षभर बाहेर येत नाही.

## ६. अंघोळ

कानांत कापसाचे सैल बोळे ठेवा. पाणी कोमट, तान्ह्या बाळाला घालाल तेवढंच. मानेपासून मागे भिजवत जा, डोकं सगळ्यात शेवटी.

शॅम्पू थेट अंगावर ओतू नका. मगात एक भाग शॅम्पूला आठ-दहा भाग पाणी घ्या (औषधी शॅम्पू असेल तर बाटलीवर किंवा चिठ्ठीवर सांगितलं असेल तसंच). लावताना हात केसांच्या दिशेने, वरून खाली. गोल-गोल चोळून फेस काढायचा मोह होतो, तो आवरा. चौथ्या टप्प्याची सगळी मेहनत दोन मिनिटांच्या चोळण्याने जाते.

तोंडावर मग ओतायचा नाही. चपट्या नाकाचा कुत्रा आहे, पाणी चटकन नाकात जातं. हनुवटी किंचित वर धरा, ओल्या कापडाने चेहरा पुसा आणि दाढी बोटांनी धुवा.

धुवायला शॅम्पू लावण्याच्या दुप्पट वेळ द्या. केस बोटांत करकर वाजेपर्यंत. मग कंडिशनर, दोन-तीन मिनिटं, आणि पुन्हा धुणं. पोटाखालचा भाग आणि काखा हमखास राहतात. तिथे उरलेला साबण आठवड्याने खाजेच्या रूपात भेटतो.

सावध: शेपटीखालच्या ग्रंथी घरी दाबू नका. कुत्रा ढुंगण घासत चालत असेल तर डॉक्टरांना दाखवा.

## ७. वाळवणं

दुसऱ्या क्रमांकाची चूक इथे होते आणि मुंबईत ती बाकी ठिकाणांपेक्षा महाग पडते. जुलैत आपला टॉवेल दोरीवर दोन दिवस दमट राहतो, मग कातडीलगतचा दाट थर पंख्याखाली वाळेल कसा? वरून कोरडा लागतो, आत ओल राहते आणि चार दिवसांत कुबट वास, खाज आणि बुरशी.

टॉवेलने पुसू नका, दाबा. एक भिजला की दुसरा. पाणी ठिबकणं थांबलं की ड्रायर. हवा कोमट, झोत वीतभर लांबून आणि सतत हलता. दुसऱ्या हाताने त्याच जागी ब्रश. पुन्हा भांग पाडून, थर-थर करत. एक भाग मुळापर्यंत कोरडा झाल्याशिवाय पुढे जायचं नाही. बाकीचं अंग तोवर टॉवेलमध्ये गुंडाळलेलं ठेवा, नाहीतर ते आपोआप वाळतं आणि कुरळं होऊन गुंततं.

एकट्याने हे करणं कठीण आहे. ड्रायर धरायला घरातल्या कुणाला तरी पकडा. आमच्याकडे ते काम मुलाचं आहे, मोबदला ठरलेला आहे.

सावध: चपट्या नाकाची कुत्री उष्णता लवकर सोसेनाशी होतात. खोलीत पंखा किंवा एसी चालू ठेवा. जोरजोरात धापा, घट्ट लाळ किंवा गडद लाल जीभ दिसली की ड्रायर बंद, कुत्रा गार लादीवर, पिण्याचं पाणी जवळ. काही मिनिटांत श्वास सुधारला नाही किंवा तो लडखडला, तर अंगावर पाणी मारत, वारा घालत थेट दवाखान्यात.

तपासा: काख, जांघ आणि कानांमागची कातडी गालाला लावून बघा. बोटांपेक्षा गालाला ओल लवकर कळते.

## ८. डोळे, तोंड आणि शेंडी

डोळ्यांच्या कोपऱ्यातली चिकट घाण कोमट ओल्या कापसाने दोन मिनिटं भिजवा, मग फणीने डोळ्यापासून बाहेरच्या दिशेला काढा. प्रत्येक डोळ्याला वेगळा कापूस.

शित्झूच्या डोळ्यांच्या खोबण्या उथळ असतात, डोळे बाहेर आलेले. म्हणून चेहरा स्थिर ठेवायला हनुवटीखालची दाढी धरा. मानगुटीची कातडी मागे खेचून कधीच धरू नका, त्या ओढीने डोळा खोबणीबाहेर येण्यापर्यंत मजल जाऊ शकते.

शेंडी बांधायची तर डोळ्यांच्या बाहेरच्या कोपऱ्यांपासून डोक्याच्या वरपर्यंतचे केस गोळा करा, लहान लॅटेक्स बँड लावा आणि मग शेंडीच्या बुंध्याशी केस बोटाने जरा सैल करा. पापणी वर ताणलेली दिसली तर फार घट्ट झालं. जुना बँड ओढून काढायचा नाही, कात्रीच्या टोकाने कापायचा. आपला साधा रबरबँड केस तोडतो. बांधायचा कंटाळा असेल तर नाकावरचे आणि डोळ्यांमधले केस आखूड ठेवून घ्या. ते काम मात्र पहिल्या दोन-तीन वेळा ग्रूमरकडून करवून घ्या आणि नीट बघून शिका.

सावध: कुत्रा एक डोळा मिटतोय, पंजाने चोळतोय किंवा डोळ्यावर निळसर-पांढरट झाक आली, तर त्याच दिवशी डॉक्टर. घरात पडून असलेले माणसांचे ड्रॉप घालू नका. काहींत स्टेरॉइड असतं आणि बुबुळावर जखम असेल तर ते ती वाढवतं.

## ९. पंजे, नखं आणि खालचा भाग

पंजा उलटा करा. गाद्यांच्या मधून वाढलेले केस गाद्यांच्या पातळीला कापा, आत कात्री खुपसू नका. हे केस राहिले तर गुळगुळीत टाइल्सवर पाय घसरतात आणि पावसात बोटांमध्ये चिखलाचे गोळे धरतात.

पांढऱ्या नखात गुलाबी शीर दिसते, तिच्या दोन मिलिमीटर अलीकडे थांबा. काळ्या नखात दिसत नाही, म्हणून कागदाइतक्या चकत्या काढत जा आणि कापलेल्या बाजूला मधोमध गडद ठिपका दिसला की थांबा. चुकून रक्त आलं तर कॉर्नफ्लोअर दाबून दोन-तीन मिनिटं न उचलता धरा. अंगठ्यासारखं वरचं नख विसरू नका. ते झिजत नाही आणि वळून कातडीत घुसतं.

शेपटीखालचे आणि लघवीच्या जागेभोवतीचे केस आखूड ठेवा. बाकी काही नाही.

## १०. कान

बोळे काढले का? लोक विसरतात. कान आतून दिसतो तेवढाच, डॉक्टरांनी सांगितलेल्या द्रावणाने पुसा. इअरबड आत घालायचा नाही. कानातले केस उपटायचे की नाही ते डॉक्टरांना ठरवू द्या. आंबूस वास, तपकिरी मळ किंवा सतत डोकं झटकणं असेल तर पुसत बसण्यात अर्थ नाही.

## दोन अंघोळींच्या मधले दिवस

अंघोळ तीन-चार आठवड्यांनी पुरते. पावसात रोज अंघोळ घालणारे बरेच भेटतात. त्यांची कुत्री बाकीच्यांपेक्षा जास्त खाजवतात, कारण ती कधीच पूर्ण वाळलेली नसतात.

रोज बाहेरून आल्यावर फक्त चार पाय आणि पोट साध्या पाण्याने धुवा, बोटांच्या मधून कोरडे करा आणि पायांवरून कंगवा फिरवा. साचलेल्या पाण्यातून नेऊ नका. लेप्टो (साचलेल्या पाण्यातून होणारा लेप्टोस्पायरोसिस) माणसांना होतो तसा कुत्र्यांनाही होतो. दरवर्षीची लस पावसाआधी झाली आहे ना, ते मे महिन्यातच बघा. घरात हार्नेस काढून ठेवा. दाढी जेवणानंतर पुसा. आठवड्यातून तीनदा चौथा टप्पा पूर्ण, हार्नेसच्या जागा रोज.

ग्रूमरकडे जाणार असाल तर ‘समर कट’ किंवा ‘पपी कट’ एवढंच सांगून येऊ नका. प्रत्येकाच्या डोक्यात त्याचा अर्थ वेगळा. ‘अंगावर दोन सेंटीमीटर ठेवा, कान आणि शेपटी कमी करू नका, झिरो करावं लागलं तर आधी फोन करा’ असं सांगा. वाळवायला पिंजऱ्यात गरम हवेखाली ठेवतात का, तेही विचारा. ठेवत असतील तर दुसरीकडे जा.

रात्री-बेरात्री अडचण आली तर कुठे जायचं, ते आधीच शोधून ठेवा. परळचं प्राण्यांचं बैलघोडा हॉस्पिटल मुंबईकरांना माहीत असतं, पण तुमच्या भागातल्या, रात्री फोन उचलणाऱ्या डॉक्टरांचा नंबर फ्रीजवर चिकटवलेला बरा.